उतरण्याचा आवाज

१

सकाळी सगळ्यांच्या आधी बाई वर यायच्या. एकेक पायरी, आधी डावा पाय, मग त्याच पायरीवर उजवा, कठड्याला धरून. वर आलं की खिडक्या उघडायच्या, कोपऱ्यातल्या पेटीतली राळ टाचेखाली चुरून ठेवायची म्हणजे मुलींचे बूट घसरायचे नाहीत, आणि मग सगळ्या लाकडी जमिनीवरून एकदा अनवाणी चालून यायचं. कुठे खिळा वर आलाय, कुठे फळी सैल झालीय, हे तळव्याला कळतं, डोळ्याला नाही. एवढं झालं की बाई आरशाकडे पाठ करून खुर्चीत बसायच्या. आरशाशी त्यांचं फारसं सख्य उरलं नव्हतं.

एके काळी बॅले म्हटलं की शहरात बाईंचंच नाव निघायचं. वर्तमानपत्रवाले त्यांना ‘पीस’ म्हणायचे. ही बाई उडाली की खाली यायचं विसरते, असं लोक एकमेकांना सांगायचे. मग गुडघा गेला आणि पीस जमिनीवर आलं. आता चष्म्याच्या दुकानावरच्या या लांबुळक्या खोलीत पोरींना शिकवायचं. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय.

शिकवायला मात्र बाई खाष्ट. उड्या कितीही उंच मारा, पण उतरल्याचं कळता कामा नये, हा त्यांचा पहिला आणि शेवटचा नियम. “प्रेक्षकाला तुमचं वजन कळलं की खेळ संपला,” त्या म्हणायच्या. “मी डोळे मिटले तर मला वाटलं पाहिजे, खोलीत कोणी नाहीच.” आणि उड्यांच्या वेळी त्या खरोखरच डोळे मिटून बसायच्या आणि कानांनी चुका काढायच्या. मागची, टाच आपटली. खिडकीतली, पाय आहेत की खांब? पोरी आपसात म्हणायच्या, बाईंच्या कानांना डोळे आहेत.

त्या दिवशीही तसंच चाललं होतं. पियानोमास्तरांनी सूर धरला, पोरी उडाल्या, उतरल्या. सूर विरून गेला. खोली अगदी गप्प झाली, आणि मग धप्प.

कोणीतरी उतरलं होतं. एकटंच, जड, आणि सगळ्यांच्या नंतर.

“भिंगरी!” बाई डोळे न उघडताच ओरडल्या. “नाचतेस की पोतं टाकतेस?”

“मी? मावशी, मी तर केव्हाच उतरले!”

“वर्गात बाई म्हणायचं. आवाज तुझ्या जागेवरून आला.”

“बाई, पोरगी खरंच उतरली होती हो,” पियानोमास्तर म्हणाले. “मी बघत होतो ना.”

“आणि आवाज?”

“कसला आवाज? माझे कान या पियानोने कधीच खाल्ले.”

बाईंनी डोळे उघडले. भिंगरी तिच्या जागेवर दोन्ही पाय जुळवून उभी होती, रडवेली. बाकीच्या पोरी बाईंकडे बघत होत्या. आवाज ऐकल्याचं एकीच्याही चेहऱ्यावर दिसेना.

“पुन्हा,” बाई म्हणाल्या. “भिंगरी, हलकी उतर.”

२

भिंगरी ही बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. लहानपणी एका जागी दोन मिनिटं टिकायची नाही म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव, ते चिकटलं ते चिकटलंच. शिकायला म्हणून ती मावशीकडे राहायला आली, तेव्हा तिला पोचवायला आलेल्या आईने कपड्यांच्या बॅगेबरोबर शंभर सूचनाही आणल्या होत्या. निघताना ती दारात थांबली.

“ताई, पोरीला तुझ्या ओटीत घातलीय. नाचातलं मला काही कळत नाही, ते तू बघ. पण जशी आणून दिलीय तशी धडधाकट परत दे.”

“म्हणजे माझ्यासारखी लंगडी नको, असंच ना?”

“असंच,” बहीण म्हणाली. आडपडदा ठेवणं तिच्या स्वभावातच नव्हतं.

बाईंनी तिच्या हातावर हात मारून शब्द दिला. तो देताना त्यांना हसू आलं होतं, पण शब्द खरा होता.

आता त्या शब्दाची परीक्षा आली होती. नाट्यगृहाने जुनं बॅले पुन्हा बसवायला घेतलं होतं. वाऱ्याची मुलगी काही दिवस माणसांत राहते आणि शेवटी त्यांना सोडून निघून जाते, अशी साधी गोष्ट. बाईंचं नाव झालं ते याच भूमिकेने, आणि आता ती भिंगरीला मिळाली होती. सगळी मदार शेवटच्या उडीवर. रंगमंच तिरका ओलांडत धावत यायचं आणि डावीकडच्या विंगेत झेप घ्यायची. उडालेली दिसते, उतरलेली दिसत नाही, त्यामुळे प्रेक्षकांना वाटतं पोरगी वाऱ्यावरच गेली. आत अंधारात जाडजूड गादी असते आणि हात पसरून उभा असलेला एक माणूस असतो, हे त्यांना माहीत नसतं.

बाई पडल्या त्या याच उडीत. पाय जमिनीवरून सुटताना गुडघ्यात काहीतरी तुटलं, तेवढं त्यांना आठवत होतं. त्यानंतर त्या हवेत होत्या. त्यानंतर दवाखान्यात होत्या. मधलं काही नाही. डोकं आपटल्यावर असं होतं, डॉक्टर म्हणाले होते. बाईंचं डोकं आपटलंच नव्हतं, पण डॉक्टरांशी कोण वाद घालणार?

३

तो आवाज आता रोज येऊ लागला. पोरी उतरायच्या, खोली शांत व्हायची आणि मग धप्प, भिंगरीच्या जागेवर. बाई तिच्यावर तुटून पडायच्या.

“अजून हलकी. अजून! जमिनीला पाय लावायचाय, तिच्यावर बसायचं नाहीये.”

भिंगरी वाद घालायची नाही. ओठ घट्ट मिटून ती पुन्हा उडायची. कुणाचं ऐकून घेणारी पोर नव्हती ती, पण मावशीचं मात्र मनावर घ्यायची. वर्ग सुटल्यावरही ती आरशासमोर उड्या मारत राहायची आणि बाई डोळे मिटून खुर्चीत बसायच्या. हळूहळू तिचे स्वतःचे पाय ऐकू येईनासे झाले. धावल्याचा आवाज यायचा, पाय सुटल्याचा यायचा, आणि पुढे काहीच नाही. वीस वर्षांच्या शिकवण्यात एकाही पोरीला हे जमलं नव्हतं. बाईंचा ऊर भरून आला.

तो दुसरा आवाज मात्र गेला नाही. तो फक्त लांबत गेला. भिंगरीची उडी आणि तो आवाज यांच्यात आधी एक श्वास बसायचा. आता बाईंना वाट बघावी लागे. जुनी इमारत आहे, लाकूड तापतं, निवतं, कुरकुरतं, असं त्यांनी स्वतःला समजावून पाहिलं. मनातली पाल चुकचुकायची ती चुकचुकतच होती.

अशात एका दुपारी खालचा चष्मेवाला वर आला. तो आला म्हणजे भांडायलाच येणार, हे ठरलेलं. पोरी उड्या मारायला लागल्या की त्याच्या काचेच्या मांडणीवरचे चष्मे किणकिणायचे आणि गिऱ्हाइकं छताकडे बघायची. पण आज त्याने दारातच हात जोडले.

“बाई, भांडायला नाही आलो. विचारायला आलो. तुमची भाची आजारीबिजारी आहे का?”

“नाही. का?”

“इतकी वर्षं तुमच्या पोरी माझ्या डोक्यावर नाचताहेत. मला खालून एकेकीचं वजन कळतं आता. ती पहिल्या रांगेतली, मधली, ती हल्ली येत नाही ना?”

“रोज येते. पहिल्या रांगेत, मधेच असते.”

चष्मेवाल्याने आत डोकावून बघितलं. भिंगरी भिंतीवरच्या दांडीला धरून पाय ताणत होती. तिने त्याला मान हलवून नमस्कार केला.

“असेल बुवा,” तो म्हणाला. “बरंच आहे. माझे चष्मे वाचले.”

तो हसत हसत जिना उतरला. त्याच्या चपलांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू आला. बाईंनी दार लावून घेतलं.

४

नाट्यगृहातल्या तालमी सुरू झाल्या तेव्हा बाई पहिल्यांदा त्या विंगेत परत गेल्या. सगळं तसंच होतं. काळे पडदे, दोरखंडांची रांग, धुळीचा आणि जुन्या रंगांचा वास. पडदेवालाही तोच, आता पार म्हातारा झालेला. बाईंच्या शेवटच्या प्रयोगात गादीपाशी हात पसरून उभा होता तो हाच. इतक्या वर्षांत दोघांनी त्या दिवसाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं.

तालीम चालू होती. बाई त्याच्या शेजारी स्टुलावर बसल्या.

“तुम्ही मला झेललं नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांना भांडायचं नव्हतं, पण शब्द तसे बाहेर पडले.

पडदेवाल्याने दोर हातात धरूनच त्यांच्याकडे पाहिलं. “बाई, तुम्ही आलाच नाहीत माझ्या हातात.”

“गादीच्या बाहेर पडले म्हणून.”

“तसं नाही. मी हात पसरून उभा. तुम्ही उजेडातून निघालात ते दिसलं. मग कोणी नाही. मी वाट बघतोय. टाळ्या पडायला लागल्या तरी कोणी नाही. आणि मग बघतो तर माझ्या पायाशी तुम्ही पडलेल्या, लाकडावर.” त्याने दोर दुसऱ्या हातात घेतला. “पण पडल्याचा आवाज काही आला नाही. एवढं धडधाकट माणूस उंचावरून लाकडावर पडतं, आणि आवाज नाही. मी म्हटलं, टाळ्यांत बुडाला असेल.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

“हो, असेलच. दुसरं काय असणार?”

समोर रंगमंचावर भिंगरी धावत आली आणि उडाली. विंगेतल्या तरण्या गड्याने तिला बरोबर झेललं आणि गादीवर ठेवलं. “काय हो ही,” तो हसत म्हणाला, “हातात आलीय की नाही तेच कळत नाही!” सगळे हसले.

बाईंनी कान दिला होता. खूप वेळाने, पुढचा प्रवेश सुरू झाल्यावर, पियानोच्या आडून तो आवाज आला. या वेळी त्याच्यामागे आणखी काहीतरी होतं. जोरात पडल्यावर माणूस ओढतं तसा एक लांब श्वास.

५

प्रयोग दुपारचा होता. सकाळी बाई भिंगरीच्या बुटांना फिती शिवायला बसल्या. टोकावर नाचायचे हे बूट, आतला डिंक मऊ पडला की संपले. भिंगरीसारखी राबणारी पोर आठवड्याभरात एक जोड निकामी करते. नवा जोड द्यायचा म्हणून बाईंनी जुना हातात घेतला, आणि त्यांच्या लक्षात आलं की हा जोड देऊन महिना झालाय. टोकं दगडासारखी कडक होती. साटीनवर एक चरा नव्हता. तळ उलटा करून पाहिला. राळेचा कणसुद्धा नाही.

“हे घालतेस ना तू?” त्यांनी विचारलं.

“रोज. का?” भिंगरी खिडकीत केस बांधत बसली होती. मग तीच म्हणाली, “मावशी, एक विचारू? तुला उतरलेलं आठवायचं?”

बाईंची सुई थांबली. “म्हणजे?”

“मला हल्ली आठवत नाही. वर जाते ते आठवतं. वर गेलं की फार शांत असतं. पियानोपण ऐकू येत नाही. आणि मग एकदम मी उभी असते आणि सगळे टाळ्या वाजवत असतात.” ती हसली. “छान वाटतं. भीती नाही वाटत. फक्त कधी कधी वाटतं की वर आधीच कोणीतरी आहे.”

बाईंच्या तोंडाशी शब्द आले. नको जाऊस. दुसरी मुलगी तयार आहे, ती करेल, ताप आलाय म्हणून सांगू, तुझ्या आईला मी शब्द दिलाय. हे सगळं त्या बोलू शकत होत्या. पोर रुसली असती, रडली असती, वर्षभर तोंड फिरवून बसली असती, पण तिने ऐकलं असतं. बाईंना हे पक्कं माहीत होतं.

पण ती उडी त्यांना बघायची होती. जी त्यांनी मारली आणि जिचा शेवट त्यांना कधी मिळाला नाही, ती उडी पूर्ण झालेली त्यांना एकदा बघायची होती. सुंभ जळतो, पीळ जात नाही.

“ताठ बस,” बाई म्हणाल्या. “केस वाकडे बांधले जातील.”

६

विंगेत त्या स्वतः उभ्या राहिल्या. तरण्या गड्याला त्यांनी बाजूला केलं. “आज मी झेलणार,” त्या म्हणाल्या. त्यांच्या पायाकडे बघून तो काही बोलणार होता, पण बाईंचा चेहरा बघून गादीपलीकडे जाऊन थांबला. पडदेवाला दोरापाशी होता.

भिंगरी सुरेख नाचली. इतकी, की बाईंना मधेमधे आपण कशासाठी उभ्या आहोत ते विसरायला झालं. मग वाद्यं चढली आणि भिंगरी दूरच्या कोपऱ्यातून धावत निघाली. बाईंनी हात पसरले.

पाय सुटल्याचा आवाज आला. ती उजेडातून अंधाराकडे आली. उडी आधी वर जाते, मग क्षणभर थांबते, मग खाली येते. हा हिशोब नाचणाऱ्याच्या पोटात असतो, तिथे डोळ्यांचं काम नाही. बाईंच्या पोटाने सांगितलं, आता थांबेल. ती थांबली नाही. उजेडाच्या कडेला बाईंना तिच्या बुटांची टोकं आपल्या कपाळाच्या वर दिसली, नव्या कोऱ्या फितींसकट. आणि त्या टोकांच्याही वर, पडद्यांच्या काळोखात, आणखी दोन पाय दिसले. जुन्या धाटणीचे बूट होते. उजवा पाय गुडघ्यातून भलतीकडे वळलेला होता. ते पाय खाली येत होते.

समोरचे दिवे डोळ्यांवर आले आणि काही दिसेनासं झालं.

धप्प. बाईंच्या पायाशी, गादीच्या बाहेर, लाकडावर. मागोमाग तो लांब श्वास. तो श्वास कोणाचा आहे हे बाईंनी लगेच ओळखलं. स्वतःचा श्वास कोण ओळखणार नाही?

“भिंगरी!” त्या खाली वाकल्या. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी अंधार चाचपत राहिल्या. गादी सपाट होती. शेजारचं लाकूड कोणी नुकतंच उठून गेल्यासारखं कोमट होतं. पलीकडून तरणा गडी विचारत होता, “बाई, घेतलंत का? बाई, आली का?” बाहेर टाळ्या थांबत नव्हत्या. लोक वाऱ्याच्या मुलीला पुन्हा पुन्हा बोलावत होते.

७

नाट्यगृहाचं मागचं मोठं दार उघडं होतं. सामानाची गाडी यायची म्हणून कोणीतरी उघडून ठेवलेलं. सगळ्यांनी त्या दारावर बोट ठेवलं. वय असं आहे, पोरगी कोणाबरोबर तरी गेली असेल, येईल फिरून, असं पोलिसही म्हणाले. बाईंनाही ते पटवून घ्यायचं होतं. काळोखात, डोळ्यांवर दिवे असताना, माणसाला काय वाटेल ते दिसतं. पण भिंगरीचे कपडे खुंटीवर होते आणि चपला बाकाखाली होत्या. नाचाच्या बुटांत रस्त्यावरून पळालेली पोर कोणाच्या तरी नजरेला पडलीच असती.

तिसऱ्या दिवशी बहीण आली. ती जिन्याखाली उभी राहून हाक मारत होती, आणि ती हाक ऐकून बाई धावल्या. दोन दोन पायऱ्या टाकत, कठड्याला हातही न लावता त्या खाली आल्या आणि बहिणीला मिठी मारायला पुढे झाल्या.

बहीण मागे सरली. ती बाईंच्या तोंडाकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

“ताई,” ती म्हणाली, “पाय कधी बरा झाला?”

बाईंनी खाली पाहिलं. त्या उजव्या पायावर सगळा भार देऊन उभ्या होत्या. गुडघा दुखत नव्हता. प्रयोगाच्या दिवसापासून तो दुखलाच नव्हता, आणि धावपळीत, रडारडीत त्यांच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

“मला माहीत नाही गं,” त्या म्हणाल्या. “खरंच माहीत नाही.”

“तुझ्या ओटीत घातली होती मी तिला.”

एवढंच बोलून बहीण वळली. चष्मेवाल्याने तिच्यासाठी खुर्ची पुढे केली, तीही तिने घेतली नाही. ती पुन्हा कधी आली नाही आणि बाईंच्या फोनला तिने उत्तर दिलं नाही.

८

वर्ग पुन्हा सुरू झाला. पोरी निमूटपणे रांगेत उभ्या राहिल्या, पहिल्या रांगेतली मधली जागा मोकळी सोडून. पियानोमास्तरांनी सूर धरला. पोरी उडाल्या आणि शिकवल्याप्रमाणे अलगद उतरल्या.

“आवाज करा,” बाई म्हणाल्या.

पोरींना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“जोरात उतरा. टाचा आपटा. मला प्रत्येकीचं उतरणं ऐकू आलं पाहिजे. एकीचं जरी कमी झालं तरी मी वर्ग बंद करेन.” त्यांचा आवाज फाटला. “आपटा गं! आपटा!”

पोरी घाबरून धाडधाड उतरू लागल्या. पियानोमास्तर मान खाली घालून वाजवत राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं. सगळ्या गप्प झाल्यावर बाई डोळे मिटून कान देऊन बसायच्या. पूर्वी ज्याच्यावर त्या चिडायच्या, तो उशिराचा आवाज आता त्या मागत होत्या. तो यायचा नाही. ज्याचं उतरायचं राहिलं होतं ते उतरलं होतं. दुसरं अजून वर होतं.

खोलीच्या एका कोपऱ्यात बाईंनी जाड गादी आणून टाकली होती. ती कोणासाठी, हे एकीनेही विचारलं नाही.

काही दिवसांनी, वर्ग सुटल्यावर, चष्मेवाला वर आला. दार लोटलेलंच होतं. त्याने बाहेरूनच विचारलं, “बाई, पोरी गेल्यावर वर कोण उड्या मारतं? नवीन कोणी घेतलीय का? जरा जड आहे.”

“हो,” आतून बाई म्हणाल्या. “नवीन आहे. जमेल तिला.”

त्याच्या चपला जिना उतरून गेल्या. बाई पुन्हा त्या लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या. पाय भक्कम होता, तरुणपणी होता त्याहून भक्कम. खोली तिरकी ओलांडत त्या धावल्या आणि भिंगरीच्या जागेवरून उडाल्या, हात वर करून, कोणाला तरी खाली ओढून आणायचं असल्यासारखी बोटं फाकून. क्षणभर काही ऐकू आलं नाही. बाईंना वाटलं, आता.

मग त्या उतरल्या. खाली दुकानात चष्मे किणकिणले.